छायाचित्रातील रंगांची विश्वसनीयता : मॉनिटर व प्रिंटर यांचे मापांकन

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृतींचा इतिहास हा एका अर्थी आगींचा इतिहास आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ साली या कामी नेमलेल्या रॉबर्ट गिल यांनी अनेक वर्षे खपून केलेल्या प्रतिकृती लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवल्या होत्या. १८६६ च्या डिसेंबरातील आगीत त्या बहुतेक जळून गेल्या. पुढे मुंबईच्या कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांच्या साहाय्याने ते काम नव्याने केले. त्यांतील पुष्कळशा प्रतिकृती १८८५ साली साउथ केन्सिंग्टन येथील आगीत नष्ट झाल्या. विसाव्या शतकात गुलाम याजदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात छायाचित्रांवर आधारलेले ग्रंथ प्रसिद्ध केले, आणि प्रतिकृतीचे काम चित्रकाराच्या हातातून कॅमेऱ्याकडे आले. आज ते संगणकाकडे आले आहे.

या स्थित्यंतराबरोबर असा एक समज रूढ झाला आहे की, चित्रकाराच्या प्रतिकृतीत त्याची आवड-नावड उतरते, यंत्राने टिपलेला रंग मात्र निःपक्षपाती असतो. रेषेच्या बाबतीत हा समज बव्हंशी खरा आहे. रंगाच्या बाबतीत तो खरा नाही. एकच छायाचित्र दोन मॉनिटरांवर शेजारी-शेजारी पाहावे. एकावर भिंतीची पार्श्वभूमी पिवळसर दिसते, दुसऱ्यावर ती करडी दिसते, आणि प्रिंटरवरून निघालेला कागद या दोहोंहून काळवंडलेला असतो. अशा वेळी संशोधकापुढे जो प्रश्न उभा राहतो तो सौंदर्याचा नसून पुराव्याचा असतो : हा पिवळेपणा कोणाचा? भिंतीवरील चित्राचा, चित्रीकरणाच्या दिव्याचा, पडद्याचा, की कागदाचा? या प्रश्नाचे उत्तर देता यावे, हेच मॉनिटर व प्रिंटर यांच्या मापांकनाचे खरे प्रयोजन होय.

१. आकडा म्हणजे रंग नव्हे

संगणकात साठविलेल्या छायाचित्रात रंग नसतात; आकडे असतात. चित्राचा प्रत्येक बिंदू तांबड्या, हिरव्या व निळ्या अशा तीन वाहिन्यांच्या आकड्यांनी दर्शविला जातो. प्रत्येक वाहिनीस ० पासून २५५ पर्यंत २५६ पायऱ्या मानल्या, तर १,६७,७७,२१६ आकडेत्रयी संभवतात. परंतु यांपैकी कोणतीही त्रयी स्वतः रंग नसून उपकरणाला दिलेली आज्ञा आहे. '०, २५५, ०' याचा अर्थ 'हिरवा घटक पूर्ण, बाकीचे शून्य' एवढाच. तो हिरवा कोणता, हे त्या पडद्याच्या घडणीवर अवलंबून राहते. एककावाचून लिहिलेली लांबी जशी निरर्थक, तशीच उपकरणाचा उल्लेख नसलेली आकडेत्रयी निरर्थक असते. दहा म्हणजे दहा फूट की दहा मीटर, हे लिहिणाऱ्याने सांगितल्याशिवाय वाचणाऱ्यास कळण्याचा मार्ग नाही.

यावरून दोन भिन्न कार्ये निष्पन्न होतात. पहिले, उपकरणाला एका ठरावीक व पुन्हा साधता येईल अशा स्थितीत आणणे. दुसरे, त्या स्थितीत ते उपकरण कोणत्या आकड्याला कोणता रंग दाखविते, याची मोजून नोंद करणे. पहिल्या कार्याला काटेकोर अर्थाने मापांकन अथवा कॅलिब्रेशन म्हणतात. दुसऱ्यातून जी नोंद तयार होते तिला प्रोफाइल म्हणतात. व्यवहारात दोन्ही कार्ये एकाच बैठकीत उरकली जात असल्याने त्यांतील भेद पुष्कळदा नजरेआड होतो. तथापि तो भेद महत्त्वाचा आहे. मापांकनाने उपकरण निर्दोष होत नाही. ते स्थिर होते. प्रोफाइलने उपकरणाचे दोष नाहीसे होत नाहीत. ते ज्ञात होतात. शास्त्रीय कामाला ज्ञात दोष चालतो. अज्ञात दोष चालत नाही.

२. डोळा : साक्षीदार, परंतु मापक नव्हे

मॉनिटरचे रंग डोळ्याने पाहून का जुळवू नयेत, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर डोळ्याच्या एका गुणात आहे. सायंकाळी तंतुदीपाच्या पिवळ्या उजेडात धरलेला कागद पांढरा दिसतो आणि भरदुपारी अंगणात धरलेला तोच कागदही पांढराच दिसतो. वस्तुतः या दोन वेळी डोळ्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशाच्या घटनेत फार मोठा फरक असतो. दृष्टीच्या या वर्णानुकूलनामुळे मनुष्याला वस्तू ओळखणे सोपे जाते. परंतु नेमक्या याच गुणामुळे डोळा मापक म्हणून निकामी ठरतो. निळसर पडद्यासमोर पाव तास बसलेल्या मनुष्याला तो पडदा निळसर वाटेनासा होतो. अनुकूलन अपुरे असेल, तर तो चित्रात नकळत पिवळा रंग वाढवितो आणि त्याचे पातक पुढे प्रिंटरच्या माथी येते. शिवाय शेजारच्या रंगाचा परिणाम असतोच. भडक निळ्या पार्श्वभूमीवरील करडा चौकोन आणि तांबड्या पार्श्वभूमीवरील तोच चौकोन डोळ्याला एकसारखे दिसत नाहीत.

असे असूनही रंगमापनाचा पाया मानवी डोळाच आहे, ही गोष्ट विसरता येत नाही. १९२० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये राइट व गिल्ड यांनी स्वतंत्रपणे प्रयोग केले. निरीक्षकाला वर्णपटातील एकेक शुद्ध रंग दाखवावयाचा आणि तांबड्या, हिरव्या व निळ्या प्रकाशांचे मिश्रण करून त्याची बरोबरी साधण्यास सांगावयाचे, असे त्यांचे स्वरूप होते. राइट यांचे निरीक्षक १० होते व गिल्ड यांचे ७. या सतरा जणांच्या जुळणीवरून आंतरराष्ट्रीय प्रकाश-आयोगाने १९३१ साली 'प्रमाण निरीक्षक' निश्चित केला. त्याच्या योगाने कोणत्याही प्रकाशाचा रंग, उपकरणनिरपेक्ष अशा तीन संख्यांत, मांडता येऊ लागला. डोळ्याचा कौल येथे एकदाच, नियंत्रित परिस्थितीत घेतला गेला. त्यानंतर तो कौल यंत्राला पाठ करून देण्यात आला, असे म्हणता येईल.

या संख्यांतील अंतरे दृष्टीला जाणवणाऱ्या फरकांशी प्रमाणबद्ध नव्हती. ती उणीव कमी करण्यासाठी १९७६ साली 'लॅब' नावाची रचना स्वीकारण्यात आली. तीत एल हा अक्ष उजळपणाचा, ए हा हिरव्यापासून तांबड्याकडे जाणारा आणि बी हा निळ्यापासून पिवळ्याकडे जाणारा मानला आहे. दोन रंगांतील भेद या अवकाशातील सरळ अंतराने मोजतात व त्याला डेल्टा-ई म्हणतात. उदाहरणार्थ, एका रंगाची मूल्ये ६०, १०, २० आणि दुसऱ्याची ६१, १२, २२ असतील, तर फरक अनुक्रमे १, २ व २ होतात. त्यांच्या वर्गांची बेरीज ९, म्हणून डेल्टा-ई ३. सुमारे १ एवढा भेद रंग शेजारी-शेजारी ठेवले असता अनुकूल परिस्थितीत जेमतेम ओळखता येतो. पुढे २००० च्या सुमारास हे सूत्र अधिक सुधारण्यात आले. परंतु भेद संख्येने सांगावयाचा, हे तत्त्व तेच राहिले.

३. मॉनिटरचे मापांकन

आजच्या मॉनिटरमध्ये पाठीमागे एक दीप असतो आणि त्याच्या पुढे द्रवस्फटिकांचा पडदा व तीन रंगांच्या गाळण्या असतात. तेथे तीन गोष्टी ठरवावयाच्या असतात : पांढऱ्याचा रंग, पांढऱ्याची दीप्ती, आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पायऱ्यांची चढण.

पांढऱ्याचा रंग केल्विन अंशांत सांगण्याचा प्रघात आहे. पडद्यासाठी सामान्यतः ६५०० केल्विनच्या आसपासचा प्रमाण दिवसप्रकाश घेतात. मुद्रणाच्या व्यवसायात ५००० केल्विनचा प्रमाण प्रकाश रूढ आहे. दीप्ती कॅन्डेला प्रति चौरस मीटर या एककात मोजतात. छायाचित्रांच्या कामासाठी ती ८० ते १२० च्या दरम्यान ठेवण्याची पद्धत आहे. दुकानातून आणलेला मॉनिटर पुष्कळदा याच्या दुपटीतिपटीने तेजस्वी असतो, कारण तो दिव्यांनी उजळलेल्या दुकानात उठून दिसावा अशा बेताने लावलेला असतो.

चढणीचे गणित थोडे विस्ताराने पाहिले पाहिजे. पडद्याचा प्रकाश आकड्याच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. तो आकड्याच्या एका घाताच्या प्रमाणात वाढतो. त्या घाताला गॅमा म्हणतात. गॅमा २.२ असता १२८ हा मधला आकडा पूर्ण प्रकाशाच्या सुमारे २२ टक्के प्रकाश देतो, गॅमा १.८ असता तोच आकडा सुमारे २९ टक्के देतो. अर्थात टोकाचे काळे व पांढरे दोन्ही पडद्यांवर तंतोतंत जुळले, तरी मधल्या छटा जुळणार नाहीत. चेहऱ्याची त्वचा, मातीची भिंत, जुना कागद हे सारे विषय याच मधल्या छटांत वसतात, हे येथे ध्यानात घ्यावे.

प्रत्यक्ष मापनासाठी दोन प्रकारची उपकरणे आहेत. वर्णमापकात तीन वा अधिक गाळण्या असतात व त्या प्रमाण निरीक्षकाच्या संवेदनशीलतेशी शक्य तितक्या जुळवलेल्या असतात. ही जुळणी कधीच पूर्ण नसते. म्हणून मॉनिटरमधील दीपाच्या प्रकारानुसार दुरुस्तीचे कोष्टक वापरावे लागते. वर्णपटमापक प्रकाशाचे तरंगलांबीप्रमाणे पृथक्करण करतो. तो महाग असतो, पण स्वतःचा दिवा असल्यामुळे कागदाचेही मापन करू शकतो. काळोख्या छटा मोजताना मात्र साधा वर्णमापक पुष्कळदा अधिक स्थिर ठरतो.

कामाचा क्रम असा असतो. मॉनिटर अर्धा तास चालू ठेवून स्थिर होऊ द्यावयाचा. खोलीतील उजेडाप्रमाणे दीप्ती बदलणाऱ्या आणि रात्री पडदा पिवळसर करणाऱ्या सर्व स्वयंचलित सोयी बंद करावयाच्या. दीप्ती मॉनिटरच्या स्वतःच्या कळेने, म्हणजे मागील दीप कमी करून, ठरवावयाची. त्यानंतर पडद्यावर मापक टेकवावयाचा. संगणक एकामागून एक ज्ञात आकड्यांचे चौकोन दाखवितो, मापक प्रत्येकाचा रंग मोजतो, आणि अपेक्षित व प्रत्यक्ष यांतील फरकावरून दुरुस्तीचे वक्र तयार होतात. या वक्रांचीही किंमत मोजावी लागते. पांढरा फार निळसर आहे म्हणून निळ्या वाहिनीचा कमाल आकडा २५५ वरून २१७ वर आणला, तर तीत २५६ ऐवजी २१८ पायऱ्याच उरतात. मग आकाशाच्या सौम्य चढणीत पट्टे दिसू लागतात. म्हणून अशी दुरुस्ती शक्य तेथे अधिक पायऱ्या असलेल्या मॉनिटरच्या अंतर्गत कोष्टकात करणे श्रेयस्कर असते. दुरुस्ती पूर्ण झाल्यावर पुन्हा मापन होते आणि त्या स्थितीची नोंद, म्हणजे प्रोफाइल, संगणकात साठविली जाते.

४. प्रिंटर : कागद, शाई आणि सुकण्याचा काळ

मॉनिटर प्रकाशात प्रकाश मिळवून रंग घडवितो. प्रिंटर कागदावर पडलेल्या प्रकाशातून काही भाग वजा करून रंग घडवितो. सायन शाई तांबडा प्रकाश शोषते, मॅजेंटा हिरवा आणि पिवळी निळा. तत्त्वतः या तीन शाया पुरेशा असाव्यात. परंतु शाया शुद्ध नसतात, म्हणून काळी शाई जोडावी लागते, आणि छायाचित्रांच्या प्रिंटरमध्ये फिक्या छटांच्या व इतर रंगांच्या शायाही घातलेल्या असतात.

येथील गणित मॉनिटरच्या गणिताइतके सरळ नाही. शाईचे ठिपके कागदावर पसरतात. शिवाय ठिपक्यांच्या मधल्या कोऱ्या जागेतून शिरलेला प्रकाश कागदाच्या आत विखुरतो व काही अंशी ठिपक्याखालून बाहेर येतो, त्यामुळे ठिपका आपल्या खऱ्या आकाराहून मोठा भासतो. न्यूगेबाउअर यांनी १९३७ साली ठिपक्यांच्या परस्परव्यापनाचा विचार करून सूत्र मांडले. त्यानुसार चार शायांसाठी कोऱ्या कागदापासून चारही शायांच्या थरापर्यंत सोळा मूळ रंग धरावे लागतात. कागदातील प्रकाशाच्या विखुरण्याचा परिणाम यूल व नीलसन यांनी १९५१ साली त्या गणितात आणला. तरीही कोणती शाई कोणत्या कागदात किती मुरेल, हे निव्वळ सूत्राने सांगता येत नाही. म्हणून अखेरीस प्रयोगाचाच आश्रय घ्यावा लागतो.

हा प्रयोग असा. ज्ञात आकड्यांचे काही शे चौकोन असलेला तक्ता छापावयाचा. तो छापताना संगणकाच्या व प्रिंटरच्या सर्व रंगदुरुस्त्या बंद असल्या पाहिजेत. कारण येथे प्रिंटरचा मूळ स्वभाव जाणून घ्यावयाचा असतो, त्याने केलेली सारवासारव नव्हे. तक्ता काही तास, शक्य तर एक दिवस, सुकू द्यावयाचा. ओल्या शाईचा रंग वाळल्यावर बदलतो. मग वर्णपटमापकाने प्रत्येक चौकोन मोजावयाचा. समजा, तक्त्यात ९०० चौकोन आहेत. उरलेल्या दीड कोटींहून अधिक आकडेत्रयींचे रंग या ९०० मापनांवरून अंतर्वेशनाने काढले जातात. त्यामुळे तक्त्यावरील एखादा डाग अथवा बुजलेल्या तोटीमुळे उमटलेली रेघ केवळ एका चौकोनापुरती राहत नाही. तिचा दोष आसपासच्या असंख्य छटांत पसरतो. तक्ता छापण्यापूर्वी तोट्यांची तपासणी करणे यासाठीच अवश्य आहे.

प्रोफाइल प्रिंटरचे असते असे म्हणण्यापेक्षा ते प्रिंटर, शाई, कागद व छपाईची योजना या चौघांच्या जोडणीचे असते असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. कागद बदलला की ती जोडणी मोडते. त्यातही पांढऱ्याशुभ्र कागदांबाबत विशेष सावधगिरी हवी. पुष्कळ कागदांत शुभ्रता वाढविणारी द्रव्ये मिसळलेली असतात. ती अदृश्य जंबुपार किरण शोषून निळसर दृश्य प्रकाश बाहेर टाकतात. असा कागद दिवसाच्या उजेडात झळझळीत दिसतो. पण जंबुपार किरण अडविणाऱ्या काचेआड, जसे संग्रहालयाच्या चौकटीत, तोच कागद पिवळट वाटतो. या कारणाने २००९ च्या आंतरराष्ट्रीय मानकात मापनाचे वेगवेगळे प्रकार सांगितले आहेत : एम-१ मध्ये जंबुपार अंशासह ५००० केल्विनचा प्रमाण प्रकाश गृहीत धरलेला असतो, तर एम-२ मध्ये जंबुपार अंश गाळलेला असतो. दीर्घकाल जतन करावयाच्या प्रतिकृतींसाठी अशी द्रव्ये नसलेला कागद निवडणे इष्ट. कारण या द्रव्यांचा प्रभाव कालांतराने ओसरतो आणि कागदाचा पांढरा पालटतो.

५. प्रोफाइलद्वारा रूपांतर

मॉनिटर व प्रिंटर या दोहोंची नोंद तयार झाली म्हणजे एकाच्या भाषेतून दुसऱ्याच्या भाषेत जाण्याचा मार्ग खुला होतो. १९९३ साली काही संगणक व छायाचित्रण व्यवसायांनी मिळून इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम ही संस्था स्थापन केली आणि प्रोफाइलचे सर्वमान्य स्वरूप ठरविले. या व्यवस्थेत प्रत्येक उपकरणाची दुसऱ्या प्रत्येक उपकरणाशी थेट सांगड घालण्याची गरज उरत नाही. दहा उपकरणांची परस्परांशी सांगड घालावयाची तर पंचेचाळीस जोड्या होतात. परंतु प्रत्येकाचा संबंध मध्यवर्ती, उपकरणनिरपेक्ष रंगावकाशाशी जोडला, तर दहाच नोंदी पुरतात. छायाचित्राच्या धारिकेतही तिचे आकडे कोणत्या अवकाशातील आहेत हे सांगणारे प्रोफाइल अंतर्भूत करता येते. १९९६ साली मांडला गेलेला एसआरजीबी हा अवकाश सर्वसाधारण पडद्याला धरून आहे. १९९८ चा अॅडोबी आरजीबी हिरव्या व निळसर रंगांकडे अधिक विस्तृत आहे. प्रोफाइल काढून टाकलेली धारिका म्हणजे एकक खोडून टाकलेले मोजमाप होय.

रूपांतरात एक अपरिहार्य अडचण येते. प्रत्येक उपकरणाची रंगव्याप्ती मर्यादित असते. मॉनिटरवरील पांढरा त्याच्या काळ्याहून हजारपट तेजस्वी असू शकतो. उलट, खरखरीत कागदाचा पांढरा पडलेल्या प्रकाशापैकी ९० टक्के परत करतो आणि त्यावरील काळा सुमारे २.५ टक्के परत करतो असे धरले, तर प्रमाण ३६ पट एवढेच पडते. चकचकीत कागदावर ते शंभराच्या पलीकडे जाते, इतकेच. म्हणून पडद्यावरील काही रंग कागदावर उमटणे अशक्य असते; त्यांची व्यवस्था कशी लावावयाची, याचा निर्णय करावा लागतो. एका पद्धतीत सर्वच रंग थोडथोडे आकुंचित करून त्यांचे परस्परसंबंध राखतात. दुसरीत व्याप्तीच्या आतील रंग जसेच्या तसे ठेवून बाहेरचे फक्त सीमेवर आणतात. तिसरी पद्धत दुसरीप्रमाणेच, परंतु ती मूळ कागदाचा पांढराही नव्या कागदावर उतरविते. चौथीत अचूकतेपेक्षा भडकपणाला महत्त्व असते. ती आलेखांपुरती उपयोगी. प्रदर्शनासाठी पहिली पद्धत पुष्कळदा डोळ्याला सुखावते. प्रमाणभूत नोंदीसाठी दुसरी वा तिसरी घ्यावी. कोणती पद्धत घेतली हे लिहून ठेवणे मात्र सर्व प्रसंगी आवश्यक आहे.

व्यवहारात वारंवार घडणारी एक चूक येथे नोंदली पाहिजे. रूपांतर एकदाच व्हावयास हवे. छायाचित्राच्या प्रणालीनेही ते केले आणि प्रिंटरच्या प्रणालीनेही पुन्हा केले, तर आधीच भाषांतरित झालेला मजकूर मूळ समजून पुन्हा भाषांतरित करावा, तसा प्रकार होतो.

६. खोलीतील उजेड

'पडद्यावर चित्र ठीक आहे, कागदावर काळवंडते,' ही तक्रार जवळजवळ सर्वत्र ऐकू येते. तिचे कारण बहुधा प्रिंटरमध्ये नसते. ते खोलीच्या उजेडात असते. कागदाची दीप्ती त्यावर पडणाऱ्या प्रदीपनावर अवलंबून असते. प्रदीपन लक्समध्ये घेऊन त्याला परावर्तनाच्या प्रमाणाने गुणावे व पायने भागावे, म्हणजे कॅन्डेला प्रति चौरस मीटर मिळतात. ९० टक्के परावर्तन करणारा कागद १५० लक्सच्या खोलीत फक्त ४३ एवढी दीप्ती देतो. शेजारचा मॉनिटर ३०० वर लावलेला असेल, तर त्याचा पांढरा कागदाच्या पांढऱ्याच्या सातपट तेजस्वी ठरतो. मग छापील चित्र काळोखे वाटले, तर त्यात नवल नाही. उलट, १०० कॅन्डेलाच्या मॉनिटरशी बरोबरी साधण्यास त्याच कागदावर सुमारे ३५० लक्स पुरतात. मुद्रित चित्रे पाहण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकात काटेकोर तुलनेसाठी २००० लक्स आणि सर्वसाधारण पाहणीसाठी ५०० लक्स, दोन्ही ५००० केल्विनच्या प्रमाण प्रकाशात, सांगितले आहेत. म्हणून प्रतिकृती जेथे टांगावयाची तेथील उजेड आधी मोजावा आणि त्यानुसार मॉनिटरची दीप्ती ठरवावी, हा क्रम योग्य होय. मॉनिटरभोवतीची भिंत व पडद्यावरील पार्श्वभूमी करड्या रंगाची असावी. खिडकीचा उजेड सरळ पडद्यावर येऊ देऊ नये.

उजेडाचा प्रश्न केवळ तीव्रतेचा नाही. तो घटनेचाही आहे. अजिंठ्याच्या चित्रांत निळ्यासाठी राजावर्त वापरलेला आहे. सायन व मॅजेंटा शायांच्या मिश्रणाने त्या निळ्याची बरोबरी एका प्रकाशात साधता येते. परंतु दोहोंचे वर्णपट भिन्न असल्याने दुसऱ्या दिव्याखाली ती बरोबरी ढळते. दिसण्यात सारखे आणि घडणीत भिन्न अशा रंगांची ही मर्यादा कोणत्याही प्रोफाइलने दूर होत नाही. जुळणी कोणत्या प्रकाशापुरती खरी आहे, एवढेच प्रामाणिकपणे सांगता येते.

७. पडताळा व नोंद

मापांकन झाले, एवढ्याने ते सिद्ध होत नाही. प्रोफाइल तयार करताना न वापरलेल्या काही रंगांचा लहान तक्ता छापून मोजावा आणि अपेक्षित मूल्यांशी डेल्टा-ई काढावा. सरासरी २ च्या आत व कमाल ५ च्या आत, अशी कामचलाऊ मर्यादा ठेवता येईल. परंतु सरासरी फसवी असते. शंभरांपैकी नव्वद चौकोन उत्तम जुळले आणि गेरूच्या दहा छटांत भेद ६ राहिला, तर सरासरी चांगलीच येईल, आणि भित्तिचित्राच्या अभ्यासकाला नेमक्या त्या दहा छटांचीच गरज असेल. मॉनिटरचा दीप हळूहळू मंदावत असल्याने त्याची तपासणी दर महिन्यास करणे हितावह ठरते. कागद अथवा शाई बदलताच प्रिंटरची करावी.

प्रत्येक छायाचित्राबरोबर चित्रीकरणाची तारीख, दिव्याचा प्रकार, मापकाचे नाव, पांढऱ्याचे व दीप्तीचे ठरविलेले मूल्य, प्रोफाइल, कागद आणि रूपांतराची पद्धत यांची नोंद ठेवावी. चित्रीकरणाच्या वेळी वस्तूशेजारी ज्ञात रंगांचा तक्ता ठेवून निदान एक छायाचित्र घ्यावे. १९७६ साली प्रसिद्ध झालेला चोवीस चौकोनांचा तक्ता यासाठी सर्वत्र वापरला जातो. हा तक्ता चौकटीत नसेल, तर पुढची सारी साखळी कितीही काटेकोर असली, तरी तिचा पहिला दुवाच सुटलेला राहतो.

उपसंहार

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. अजिंठ्याच्या चित्रांच्या संरक्षणासाठी निजाम सरकारने इटालियन तज्ज्ञ चेक्कोनी व ऑर्सिनी यांना पाचारण केले होते. त्यांनी १९२० ते १९२२ च्या दरम्यान चित्रांवर लाखेचा पातळ थर दिला. कालांतराने तो थर पिवळा पडला. पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना असे थर काढण्याचे नाजूक काम करावे लागले. अशा थराखालील चित्राचे छायाचित्र संगणकावर उघडणाऱ्या व्यक्तीपुढे दोन धोके असतात. पिवळेपणा डोळ्याला खटकला म्हणून ती पांढरा समतोल स्वयंचलित कळेने 'सुधारील', तर लाखेच्या थराचा पुरावा एका क्षणात पुसला जाईल. उलट, तिचा मॉनिटरच पिवळसर असेल, तर स्वच्छ केलेल्या भिंतीवरही लाख शिल्लक आहे असा निष्कर्ष निघेल. पहिल्या प्रसंगी खरा दोष लपतो, दुसऱ्या प्रसंगी खोटा दोष निर्माण होतो; आणि दोन्ही प्रसंगी चित्र पाहणाऱ्याला काही चुकल्याची शंकाही येत नाही.

मापांकित साखळीत मात्र प्रत्येकाचा वाटा वेगळा काढता येतो. दिव्याचा पिवळेपणा तक्त्यावरील करड्या चौकोनावरून कळतो, पडद्याचा मॉनिटरच्या प्रोफाइलवरून, कागदाचा प्रिंटरच्या प्रोफाइलवरून. आणि हे सर्व वजा जाता जो उरतो तो, मोजणीच्या मर्यादेत, भिंतीचा. गिल व ग्रिफिथ्स यांच्या जळालेल्या प्रतिकृतींतील रंग मूळ चित्राशी किती जुळत होते, हे आता मोजून सांगता येणार नाही. आजच्या प्रतिकृतींबाबत उद्याच्या अभ्यासकावर तीच वेळ येऊ नये, एवढे करणे मात्र आज शक्य आहे. त्यासाठी लागतो तो एक मापक, अर्ध्या तासाची शिस्त, आणि चित्राबरोबर जतन केलेली काही ओळींची नोंद.